नुकसान हजार कोटींचं, जबाबदारी दोनशेची: जहाजमालकांना ही मर्यादा कुठून मिळाली?

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या दोन जहाजांची टक्कर झाली. न्हावा-शेव्याहून निघालेल्या चित्रावर 1,219 कंटेनर होते. जहाज एका अंगावर कललं आणि कंटेनर घसरून पाण्यात पडू लागले. काही तरंगत किनाऱ्याकडे आले, काही बुडून जहाजांच्या वाटेत बसले. मुंबई आणि जेएनपीटी (म्हणजे न्हावा-शेवा) या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. सुमारे 800 टन तेल सांडलं. ते उरणला, घारापुरीला, अलिबागच्या बाजूला लागलं आणि वाशीकडच्या तिवरांनाही चिकटलं. नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर आली होती. कोळीवाड्यांत हंगामाची तयारी चाललेली, आणि बाजारात गिऱ्हाईक मासळीकडे संशयाने बघत होतं.

असं काही झालं की दिवाळे असो, करंजा असो की मोरा, कोळीवाड्यात पहिला प्रश्न एकच असतो: भरपाई कोण देणार? जहाजमालक देणार, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की, मालकाने किती द्यायचं हे तुमच्या नुकसानावर ठरत नाही. ते जहाजाच्या आकारावर ठरतं.

पाम बीच रोडवर ट्रकने कुणाला उडवलं, तर ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्या माणसाचं वय, कमाई, मागे राहिलेलं कुटुंब हे सगळं बघून रक्कम ठरते. ट्रक किती मोठा होता, असं कुणी विचारत नाही. समुद्रावर मात्र आधी तेच विचारतात. जहाज लहान असेल तर मालकाची जबाबदारी लहान, मोठं असेल तर मोठी. आणि सगळ्या दावेदारांचं मिळून नुकसान त्यापलीकडे गेलं, तर वरची रक्कम ज्याची त्याने सोसायची.

हिशेब कसा लावतात

यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे. तो 1976 मध्ये लंडनमध्ये झाला, 1996 च्या प्रोटोकॉलने त्यातल्या रकमा वाढवल्या, आणि 2012 मध्ये ठरलेली आणखी वाढ 8 जून 2015 पासून लागू झाली. भारत या 1996 च्या प्रोटोकॉलमध्ये सामील आहे. 2012 ची वाढ काही कुणाला दया आली म्हणून झाली नाही. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ ‘पॅसिफिक अ‍ॅडव्हेंचरर’ या जहाजाचं तेल सांडलं, सफाईचा खर्च कायद्याच्या मर्यादेच्या वर गेला, ऑस्ट्रेलियाने तगादा लावला, तेव्हा कुठे रकमा 51 टक्क्यांनी वाढल्या.

रकमा डॉलरमध्ये नसतात, ‘एसडीआर’मध्ये असतात. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांवरून त्याचा भाव ठरतो. तो रोज बदलतो, म्हणून आपण हिशेबाच्या सोयीसाठी एक एसडीआर म्हणजे 120 रुपये धरू.

आता 30,000 ग्रॉस टनांचं एक कंटेनर जहाज घ्या. हे आकाराने मधलं झालं. न्हावा-शेव्याला याच्या कितीतरी पट मोठी जहाजं रोज लागतात. ग्रॉस टन हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या एकूण जागेवरून काढलेला आकडा आहे. मालमत्तेच्या नुकसानीसाठी 2015 पासूनचा दर असा: पहिल्या 2,000 टनांसाठी सरसकट 15 लाख 10 हजार एसडीआर, आणि तिथून 30,000 टनांपर्यंत प्रत्येक टनामागे 604. म्हणजे 28,000 गुणिले 604, अधिक 15 लाख 10 हजार. बेरीज 1 कोटी 84 लाख 22 हजार एसडीआर, आपल्या भावाने साधारण 221 कोटी रुपये. माणसं दगावली किंवा जखमी झाली, तर त्यांच्यासाठी वेगळी रक्कम, बरोबर दुप्पट, म्हणजे 442 कोटींच्या आसपास.

221 कोटी ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यातून कुणाकुणाचं भागवायचं ते बघा. ज्यांचा माल बुडाला ते सगळे निर्यातदार, म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्या विमा कंपन्या. धडकलेल्या दुसऱ्या जहाजाचा मालक. नुकसान झालेलं बंदर. ज्यांची जाळी तेलाने बरबटली ते मच्छीमार. समजा सगळ्यांचे सिद्ध झालेले दावे 1,105 कोटींचे निघाले. मग रुपयाला वीस पैसे. ज्या कोळ्याचं दोन लाखांचं नुकसान कोर्टाने मान्य केलं, त्याच्या हातात चाळीस हजार. विमा कंपनीलाही रुपयाला वीसच पैसे, पण तिचा दावा पाचशे कोटींचा असतो आणि वकील पहिल्या दिवसापासून उभा असतो. कागदावर दोघं समान. बंदरातल्या बांधकामाच्या नुकसानीला या वाटपात अग्रक्रम द्यायचा असेल तर देशाने तसा कायदा करावा, अशी मुभा करारात आहे. मच्छीमारांसाठी असं काही कुणाला सुचलेलं नाही.

ही सवलत आली कशी

1734 मध्ये इंग्लंडच्या संसदेने यावर पहिला कायदा केला. निमित्त चोरीचं होतं: जहाजावरच्या कप्तानाने पोर्तुगीज सोनं हडपलं आणि भरपाईचा प्रश्न मालकापर्यंत आला. व्यापारी घाबरले. आम्ही लंडनमध्ये बसणार, जहाज सहा महिने समुद्रावर, तिथे कप्तान काय करतो यासाठी आमचं घरदार का जावं? संसदेला ते पटलं आणि मालकाची जबाबदारी जहाज आणि त्याच्या भाड्याच्या किमतीइतकीच ठेवली गेली. तेव्हा कप्तानाशी बोलायची सोय नव्हती, त्यामुळे या युक्तिवादात दम होता. आज मालकाच्या ऑफिसात बसून जहाज कोणत्या क्षणी कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. कारण गेलं, सवलत मात्र राहिली.

अमेरिकेने 1851 मध्ये आपला कायदा केला आणि त्यात मर्यादा ठरवली ती अपघातानंतर जहाजाची जी किंमत उरेल तितकी. ‘टायटॅनिक’च्या वेळी काय झालं? जहाज तळाशी गेलेलं. उरल्या त्या 14 जीवनरक्षक होड्या आणि भाड्याचे पैसे, मिळून सुमारे 92 हजार डॉलर. मालक कंपनीला हा कायदा वापरता येईल, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1914 मध्ये सांगितलं. पुढे तडजोडीत बरीच जास्त रक्कम दिली गेली, पण कायद्याचा काटा कुठे टेकला होता ते लक्षात यावं. तोच कायदा थोडा बदलून आजही चालू आहे. मार्च 2024 मध्ये ‘डाली’ जहाजाने बाल्टिमोरचा पूल पाडला, त्यात पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. मालक आणि व्यवस्थापक कंपनीने काही दिवसांतच कोर्टात अर्ज दिला की आमची जबाबदारी सुमारे 4 कोटी 37 लाख डॉलरपुरती धरा. त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते, त्यामुळे मर्चंट नेव्हीत मुलं असलेल्या नेरूळ-बेलापूरच्या घरांत ही बातमी जरा जास्तच बारकाईने वाचली गेली असणार.

आता मालकांची बाजू. ती पोकळ नाही. जहाजाच्या जबाबदारीचा विमा ‘पी अँड आय क्लब’ नावाच्या मालकांच्या परस्पर संस्था उतरवतात. अशा बारा क्लबांच्या आंतरराष्ट्रीय गटाकडे जगातल्या समुद्री जहाजांच्या एकूण टनांपैकी सुमारे 90 टक्क्यांचा हा विमा आहे. जास्तीत जास्त किती द्यावं लागेल हे माहीत असलं तरच विमा परवडण्याजोगा मिळतो, आणि विमा असला तरच दावेदाराला पैसे मिळण्याची खात्री. नाहीतर एकेका जहाजासाठी एकेक कागदी कंपनी काढायची पद्धत आहेच. जहाज बुडालं की कंपनीकडे उरतं ते लेटरहेड. अमर्याद जबाबदारी कागदावर मिळवून हातात शून्य येण्यापेक्षा मर्यादित पण नक्की मिळणारी रक्कम बरी, हा तो युक्तिवाद. मला तो पटतो. पटत नाही ते एवढंच, की रक्कम वाढायला दर वेळी एखादा किनारा काळा व्हावा लागतो.

मर्यादा मोडता येते का

जुन्या, 1957 च्या करारात मालकाची स्वतःची चूक दिसली की सवलत जायची. 1976 मध्ये मालक आणि विमा कंपन्यांनी सौदा केला: रक्कम वाढवा, पण मर्यादा मोडणं अवघड करा. आता दावेदाराने सिद्ध करायचं ते असं: नुकसान व्हावं या हेतूनेच मालकाने ते कृत्य केलं, किंवा असं नुकसान बहुधा होणारच हे ठाऊक असताना बेफिकीरपणे केलं. आणि तेही मालकाने स्वतः. कप्तानाने किंवा खलाशाने केलेलं चालत नाही. मालक म्हणजे एक कंपनी, तिचं ऑफिस एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, कारभार तिसऱ्या देशातून. तिथे कुणाच्या मनात काय होतं हे दाखवायचं. जगभरात हे जवळपास कुणाला जमलेलं नाही.

पद्धत साधारण अशी चालते. दावेदार उच्च न्यायालयात जाऊन जहाज अटक करून घेतो. आपल्याकडे 2017 चा नौअधिकरण कायदा त्यासाठी आहे आणि मुंबई बंदर, न्हावा-शेवा इथली प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयात जातात. मालक मर्यादेइतकी रक्कम किंवा हमी कोर्टात भरून निधी उभा करतो. त्यानंतर सगळ्यांनी त्या निधीकडेच बघायचं. निधीवर दावा लावल्यावर त्याच मालकाचं दुसरं जहाज बंदरात दिसलं म्हणून ते अडवता येत नाही.

मालक कोर्ट निवडतानाही हिशेब करतात. 1994 मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ ‘न्यू वर्ल्ड’ आणि ‘या मावलाया’ ही दोन परदेशी जहाजं धडकली, आणि जबाबदारी मर्यादित करून मागणारा दावा दाखल झाला तो मुंबईत! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1998 मध्ये न्यायालयाने सांगितलं की या टकरीचा इथल्या कोर्टाशी संबंध नाही.

तेल तेच, खाडी तीच, पैसे वेगळे

या विषयात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

जवाहर द्वीपाला कच्चं तेल घेऊन येणारा टँकर फुटला तर त्याला 1992 चे दोन करार लागतात. पहिल्यात टँकरच्या मालकाची मर्यादा. आपल्या 30,000 टनांच्या हिशेबाने सुमारे 243 कोटी. ती संपली की दुसरा करार: तेल आयात करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वर्गणीतून उभारलेला आंतरराष्ट्रीय निधी. दोन्ही मिळून 20 कोटी 30 लाख एसडीआरपर्यंत, म्हणजे सुमारे 2,436 कोटी रुपये. या दोन्हींत भारत आहे. शिवाय इथे मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही, आणि मच्छीमाराचं बुडालेलं उत्पन्न हा ओळखीचा, मान्य दाव्याचा प्रकार आहे.

तेच तेल कंटेनर जहाजाच्या इंधनाच्या टाकीतून सांडलं तर हा निधी नाही. त्यासाठी 2001 चा बंकर करार आहे. त्यात मालकाला विमा सक्तीचा आहे आणि थेट विमा कंपनीवर दावा करता येतो, हे चांगलं. पण वेगळी थैली नाही. मर्यादा पुन्हा तीच टनांवरची, आपल्या उदाहरणात 221 कोटी, आणि बहुतेक ठिकाणी तीही इतर दावेदारांबरोबर वाटून घ्यायची. 2,436 आणि 221. करंज्याच्या कोळ्याच्या दृष्टीने दोन्ही तेलं काळीच, डोल जाळी दोन्हींनी सारखीच वाया जाते. पण कुठल्या जहाजातून सांडलं यावर रक्कम अकरा पटीने बदलते. चित्राच्या वेळी तर भारत बंकर करारातही आलेला नव्हता.

कंटेनरमधल्या मालाने प्रदूषण केलं तर आणखी अवघड. घातक रसायनांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार 1996 मध्ये तयार झाला, 2010 मध्ये सुधारला, पण अजून लागू झालेला नाही. 2021 मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ जळून बुडालं आणि प्लॅस्टिकच्या दाण्यांनी किनारे भरले, तेव्हा मालकाने लंडनच्या कोर्टात हीच टनांवरची मर्यादा लावून घेतली, दोन कोटी पौंडांच्या आतबाहेर. जुलै 2025 मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1 अब्ज डॉलर भरायला सांगितलं. मे 2025 मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा 3’ बुडालं; केरळ सरकारने 9,531 कोटींचा दावा लावला आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज अटक करून घेतलं. उच्च न्यायालयाने तूर्त 1,227 कोटींवर हमी ठरवली. मर्यादेचा मुद्दा मालकाने तिथेही काढला आहे.

म्हणजे देशोदेशीची कोर्टं आणि सरकारं पर्यावरणाच्या कायद्याच्या दारातून या मर्यादेला वळसा घालायला बघतायत. आपल्याकडे याचं जुनं उदाहरण मुंबईसमोरच घडलं. ऑगस्ट 2011 मध्ये ‘राक कॅरियर’ हे कोळसा भरलेलं जहाज बुडालं. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जहाजाच्या कंपन्यांना 100 कोटी रुपये पर्यावरणाची भरपाई म्हणून द्यायला सांगितलं. ही वाट योग्य, असं माझं मत आहे. पण त्यात पैसे समुद्राच्या नावाने येतात, कोळणीच्या टोपलीपर्यंत पोहोचतीलच असं नाही.

ज्यांचा माल जहाजात आहे, त्यांच्यासाठी

इथे टनांच्या मर्यादेआधी आणखी एक मर्यादा लागते, आणि ती आपल्या हातात असते. 1925 चा समुद्रमार्गे मालवाहतुकीचा कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला, पण भारतातून निघणाऱ्या मालासाठी जुना नियम कायम आहे: शिपिंग लाइनची जबाबदारी दर पॅकेजमागे 666.67 एसडीआर, किंवा दर किलोमागे 2 एसडीआर, यांतली जी जास्त ती.

समजा महाप्याच्या एमआयडीसीतून औषधांचा कंटेनर निघाला. वजन 8 टन, किंमत 2 कोटी, आत 600 खोकी. बीएलवर, म्हणजे शिपिंग लाइन मालासाठी देते त्या ‘बिल ऑफ लेडिंग’ या कागदावर, नुसतं ‘1 कंटेनर, औषधं’ लिहिलं, तर सगळा कंटेनर एक पॅकेज. मग किलोचा हिशेब: 8,000 गुणिले 2, म्हणजे 16,000 एसडीआर, 19 लाख 20 हजार रुपये. त्याच बीएलवर ‘600 खोकी’ असं आलं, तर मर्यादा जाते 4 कोटी 80 लाखांवर, म्हणजे 2 कोटींचं खरं नुकसान पूर्ण मागता येतं. फरक एका ओळीचा. सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटकडून, ड्राफ्ट बीएल व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, घाईत ‘ओके’ जातं, आणि ती ओळ तशीच राहते. मालाची किंमत बीएलवर जाहीर केली तर मर्यादाच उठते, पण मग लाइन जास्त भाडं लावते, म्हणून फारसं कुणी करत नाही.

आणि जहाज चालवण्यात कप्तानाची चूक झाली म्हणून माल बुडाला, तर याच नियमांनुसार लाइन मालासाठी जबाबदारच धरली जात नाही. टक्कर हे त्याचं सर्रास उदाहरण. त्यामुळे मालाचा विमा न काढता कंटेनर लावणं म्हणजे हौस झाली. उलट जहाज वाचवायला खर्च झाला आणि मालकाने ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केलं, म्हणजे तो खर्च जहाज आणि सगळा माल यांच्यात वाटायचं ठरलं, तर ज्याचा माल सुखरूप आहे त्यालाही वाटा भरल्याशिवाय कंटेनर मिळत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते.

खलाशांचं गणित वेगळं आहे. 2017 च्या कायद्यात थकलेल्या पगाराचा जहाजावर पहिला हक्क आहे. त्यानंतर जीवितहानी आणि इजा, मग बचावकार्याचा मोबदला, बंदराची देणी, आणि शेवटी जहाजाने इतरांच्या मालमत्तेचं केलेलं नुकसान. जाळी, होड्या या शेवटच्या ओळीत येतात. हा हक्क एका वर्षात संपतो, पगाराचा दोन वर्षांत. लाइनवर मालाचा दावा करायलाही एकच वर्ष मिळतं. तेलाच्या दाव्याला नुकसान झाल्यापासून तीन वर्षं.

मच्छीमारांचे दावे अडतात ते बहुतेक वेळा मर्यादेवर नाही, त्याआधीच, पुराव्यावर. अपघाताआधी महिन्याला किती मासळी यायची हे कुठे लिहिलेलं नसतं. सोसायटीत डिझेलची नोंद असते, बर्फाची पावती असते, लिलावाचा कागद असतो. दोन-तीन हंगामांचे हे कागद एकत्र ठेवले तर उत्पन्न दाखवता येतं. खाडीत पायी जाऊन निवटी, चिंबोरी, कालवं काढणाऱ्या बायकांकडे यातलं काहीच नसतं, म्हणून त्यांची नावं सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या यादीत आधीपासून असावी लागतात. तेल लागलेलं जाळं धुऊन टाकायच्या आधी तारखेसकट फोटो, मत्स्यव्यवसाय खात्याचा किंवा तलाठ्याचा पंचनामा, आणि जाळ्याचा एक तुकडा काचेच्या बरणीत. कोणत्या जहाजाचं तेल हे प्रयोगशाळेत जुळवून बघता येतं, पण त्यासाठी नमुना हाताशी हवा.